सुखदुःखाची खतावणी

वसाहत वसवण्याचे जे संगणकीय खेळ गेल्या वीसेक वर्षांत पुढे आले, ते केवळ खेळ म्हणून ओळखले जाण्यात समाधान मानत नाहीत. 'रिमवर्ल्ड' ह्या खेळाचा कर्ता टायनन सिल्व्हेस्टर आपल्या कृतीला कथा निर्माण करणारे यंत्र मानतो. त्या यंत्रातील घटनांचा क्रम ठरवणाऱ्या घटकाला त्याने नावच 'कथाकथक' असे दिले आहे. प्राथमिक आवृत्त्यांनंतर २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या ह्या खेळात एखाद्या अनोळखी ग्रहावर मोजकी माणसे येऊन पडतात. त्यांनी घरे बांधायची, शेती करायची, आजार आणि हल्ले सोसायचे आणि टिकायचे. ज्या कृतीत पात्रे आहेत, घटना आहेत, निवेदक आहे आणि मृत्यूही आहे, तिला समीक्षेने विचारायचा पहिला प्रश्न नेहमीचाच असतो. पात्राच्या अंतःकरणात काय चालले आहे, हे ह्या कृतीला कसे कळते?

'रिमवर्ल्ड'चे उत्तर सरळ आहे. प्रत्येक वसाहतकऱ्याच्या मनःस्थितीचा एक आकडा असतो. टेबलावाचून जेवण करावे लागले की त्यातून ३ गुण दिवसभरासाठी वजा होतात. उघड्यावर झोपावे लागले, खोली कुरूप असली, जवळचे माणूस दगावले, की आणखी वजाबाकी होते. चांगले जेवण, ऐसपैस खोली, नवे प्रेम ह्यांचे गुण जमेस धरले जातात. बेरीज ठरावीक पातळीच्या खाली आली की माणूस मोडतो. सर्वसाधारण माणसासाठी ३५ टक्क्यांखाली किरकोळ, २० टक्क्यांखाली मोठा आणि ५ टक्क्यांखाली आत्यंतिक मनोभंग होण्याचा धोका असतो. मग कुणी भटकत सुटतो, कुणी खात सुटतो, कुणी समोर येईल त्याच्यावर हात उगारतो, तर कुणी वसाहत सोडून निघून जातो. हा झटका ओसरल्यावर त्या माणसाला ४० गुणांची भरपाई मिळते. तिला खेळात 'कॅथार्सिस' असे नाव आहे.

ह्या नावाशी क्षणभर थांबणे भाग आहे. ॲरिस्टॉटलच्या विवेचनात करुणा आणि भीती ह्यांचे विरेचन होते ते शोकात्मिका पाहणाऱ्याच्या ठिकाणी, असे सामान्यतः मानले जाते. ईडिपसच्या ठिकाणी ते होत नाही. त्याचे डोळे गेले ते गेलेच. खेळाने विरेचन प्रेक्षकाकडून काढून पात्राच्या खात्यात जमा केले आहे. पात्र कोसळते, मोडतोड करते आणि त्यानंतर काही दिवस पूर्वीपेक्षा प्रसन्न राहते. खेळणाऱ्याच्या ठिकाणी मात्र बहुतेक वेळा करुणा जागी होत नाही, वैताग होतो. कारण ऐन हंगामात एक काम करणारा हात गेलेला असतो. शोक हा येथे उत्पादनातला खोळंबा ठरतो आणि शोकाचा उपचार म्हणजे यंत्राची देखभाल. ह्या खेळांतील ताणाची व्यवस्था सुधारायला हवी असे जेव्हा खेळणारे म्हणतात, तेव्हा त्यांचा रोख बहुधा आकड्यांवर असतो : टेबलाचे ३ गुण फार झाले, मृत्यूचे फार कमी झाले. आकडे बदलून प्रश्न सुटण्यासारखा नाही, कारण दोष खतावणीच्या कल्पनेतच आहे. जे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळते करता येत नाही, ते ही खतावणी वळते करू पाहते.

ह्या कल्पनेला थोडा इतिहास आहे. २००० साली आलेल्या 'द सिम्स' ह्या खेळात विल राइटने भूक, झोप, सोबत, करमणूक अशा गरजांच्या पट्ट्या माणसाच्या डोक्यावर टांगल्या. १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात त्याचे स्वतःचे घर जळाले होते, आणि पुन्हा संसार उभारताना कोणती वस्तू कशासाठी लागते ह्याचा जो विचार त्याला करावा लागला, त्यातून ह्या खेळाची कल्पना आकाराला आली. म्हणजे ह्या परंपरेच्या मुळाशीच एक विस्थापन आहे. गेलेल्या घराची जागा नव्या घराने घ्यायची, गेलेल्या खुर्चीची नव्या खुर्चीने. आणि वस्तू परत आल्या की पट्ट्या पुन्हा हिरव्या व्हायच्या. वस्तूंच्या बाबतीत हे बरेचसे खरेही आहे. अडचण येते ती त्या पट्टीवर माणसे, देव आणि पूर्वज आणून ठेवले म्हणजे.

टार्न आणि झॅक ॲडम्स ह्या बंधूंचा 'ड्वार्फ फोर्ट्रेस' २००६ पासून लोकांसमोर आहे. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही अडचण विनोदाच्या पातळीला गेली होती. तेथील बुटक्यांपैकी एखाद्याचे मूल मरे, मित्र मरे. पण तो एखाद्या भव्य, कोरीव भोजनगृहात जेवत असेल तर एकूण हिशेबात सुखीच राही. उलट असे भोजनगृह नसले तर एका मृत्यूने एकाचा तोल जाई, तो दुसऱ्याला मारी, त्या दुसऱ्याचे मित्र बिथरत, आणि पाहता पाहता सारा किल्ला ओस पडे. २०१४ मध्ये ॲडम्स बंधूंनी सुखाचा एकच आकडा काढून टाकला आणि भावना व साचत जाणारा ताण अशी मांडणी केली. पुढे बुटक्यांना दीर्घकालीन स्मृती देण्यात आल्या. तेव्हा एक वेगळीच तक्रार आली : कधीतरी पावसात भिजल्याची आठवण बुटक्यांना पुन्हा पुन्हा होई आणि त्या आठवणीने ते खंगत जात. स्मृती दिली, पण कोणती स्मृती टिकावी आणि ती कशाने जागी व्हावी ह्याचा विवेक तिच्याबरोबर आला नाही.

हा विवेक कोठून यावा, ह्याचा विचार करताना चिखलदऱ्याकडे वळणे अस्थानी होणार नाही. कारण हे गाव स्वतःच एका अर्थाने ताणाची व्यवस्था लावण्यासाठी वसवलेली वसाहत आहे. १८०३ मध्ये वेलस्लीच्या सैन्याने गाविलगड घेतला. त्यानंतर वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनला सातपुड्यातील हे सुमारे ११०० मीटर उंचीचे पठार गवसले असे सांगतात. कीचकाला भीमाने ज्या दरीत फेकले ती ही दरी, म्हणून कीचकदरा, अशी ह्या नावाची लोककथा आहे. म्हणजे रॉबिन्सनच्या पुष्कळ आधीपासून येथे माणसे, नावे आणि कथा होत्या. वऱ्हाडच्या उन्हाळ्याने आणि हिवतापाने जेरीस आलेल्या गोऱ्या अंमलदारांसाठी पठारावर बंगले उठले, कॉफी लावली गेली, आणि हे ठिकाण वऱ्हाडचे आरोग्यधाम म्हणून सरकारी दप्तरांत नोंदले गेले. थंड हवेचे ठिकाण ही संस्थाच मनःस्थितीच्या आकड्यावर उभी असते. मैदानात गेलेले गुण डोंगरावर भरून काढायचे आणि पुन्हा कामावर रुजू व्हायचे. 'रिमवर्ल्ड'मधील खेळणारा आपल्या माणसांसाठी करमणुकीची खोली बांधतो, तेव्हा तो नकळत रॉबिन्सनचीच री ओढत असतो.

ह्या व्यवस्थेत ओझे वाहणारा, लाकूड तोडणारा आणि रस्ता खोदणारा कोरकू कोणत्याच खात्यावर नव्हता. त्याची भाषा मराठीच्या कुळातली नाही. ती ऑस्ट्रो-आशियाई कुळातील आहे. गावाच्या कडेला दगडांच्या राशीत असणारा मुठवा देव, रोगराईत आणि पेरणीच्या वेळी ज्याला विचारायचे तो भूमका, आणि होळीला परतणारी मजुरीवरची माणसे, ह्या सगळ्यांतून त्याचे सुखदुःख ठरत होते. होळी येथे पाच दिवसांची असते. मजुरीसाठी मैदानात उतरलेली माणसे तिच्यासाठी परत येतात, रस्त्यावर फगवा मागितला जातो, आणि वर्षभराचा शीण एकट्याएकट्याने नव्हे तर एकदमच उतरवला जातो. ह्या आनंदाला वैयक्तिक खाते नाही. एका माणसाच्या खात्यात तो किती गुण पडला हे सांगता येत नाही, कारण बाकीचे आले नसते तर तो पडलाच नसता.

वसाहतीची खतावणी पुढे ह्या माणसांपर्यंतही पोहोचली. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून उठवून मैदानात वसवण्यात आली. त्यामागून इतरही गावे उठली. व्याघ्र प्रकल्पांतील स्वेच्छा पुनर्वसनासाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये कुटुंबामागे १० लाख रुपये ठरवले; २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. अठरा वर्षांवरील मुलगा, लग्न झालेले असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब मोजला जातो. रोख रक्कम न घेता वनखात्यामार्फत वसायचे ठरवले तर ह्या रकमेची वाटणीही आखून दिलेली होती : शेतजमिनीसाठी ३५ टक्के, हक्कांच्या तडजोडीसाठी ३० टक्के, घरासाठी २० टक्के, प्रोत्साहनासाठी ५ टक्के आणि सामुदायिक सोयींसाठी १० टक्के. शेवटच्या ह्या १० टक्क्यांत रस्ता, पिण्याचे पाणी, वीज ह्यांच्याबरोबरच देवस्थान, दफनभूमी आणि स्मशान ह्यांचा समावेश आहे.

ह्या यादीची टिंगल करण्याचे कारण नाही. ती करणाऱ्यांना निदान स्मशान आठवले, ही साधी गोष्ट नव्हे. कित्येक वसाहत-खेळांना तेही आठवत नाही. 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' ह्या खेळातील माणसे यंत्रातून छापून काढली जातात. त्यांना आईबाप नाहीत, गाव नाही, मागे ठेवलेले प्रेत नाही. तरीही यादीचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. दफनभूमी ही तिच्यात जागा आहे, वीज आणि रस्ता ह्यांच्या पंक्तीला बसणारी सोय आहे. ती नव्याने देता येते, कारण जुनी कोणती होती हे विचारण्याची तिला गरज नाही. विश्वास पाटील ह्यांच्या 'झाडाझडती' ह्या १९९१ च्या कादंबरीने धरणग्रस्तांच्या संदर्भात नेमका हाच पोकळपणा उघडा केला होता. कागदावर मिळालेली जमीन आणि पायाखाली आलेली जमीन ह्यांतील अंतर हे त्या कादंबरीचे क्षेत्र आहे. कादंबरीला ते दाखवता येते, कारण पात्राचा एकेक तपशील पुन्हा बेरजेत नेण्याची सक्ती तिच्यावर नसते.

कोरकूंच्या मृत्युविधीत ह्या बेरजेला उत्तर आहे. माणूस मेला म्हणजे दफन होते. पण मृताशी असलेला व्यवहार तेवढ्याने संपत नाही. त्याच्यासाठी सिडोली करायची असते. सागाच्या लाकडाचा स्तंभ घडवायचा, त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरायचे आणि तो पूर्वजांच्या स्तंभांजवळ नेऊन उभा करायचा. ह्या स्तंभाला मुंडा म्हणतात. विधीला खर्च येतो, नातलग जमवावे लागतात, जेवण द्यावे लागते. म्हणून तो काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ऐपत आल्यावर होतो. कधी घरातल्या एकाहून अधिक मृतांसाठी तो एकत्रच केला जातो. तोवर मृत पूर्वजांत सामील झालेला नसतो. तो वाट पाहत असतो.

येथे दुःखाची कल्पना मुळातच वेगळी आहे. 'रिमवर्ल्ड'मध्ये आप्ताच्या मृत्यूचे वजा गुण ठरावीक दिवसांनी आपोआप मावळतात. त्या काळात कुणी काही केले काय, न केले काय, मुदत संपली की दुःख संपले. सिडोलीच्या हिशेबात काळ काहीच फेडत नाही. दुःख म्हणजे फेडायचे राहिलेले देणे. ते दहा वर्षे शांत पडून राहू शकते, त्या दहा वर्षांत माणूस हसतो, नांगरतो, पोरांची लग्ने करतो, आणि तरीही देणे तेवढेच उभे असते. फेड होते ती कृतीने, आणि ती कृती एकट्याला करता येत नाही. दुःख हे मनाचे तापमान नसून माणसामाणसांतला, जिवंत आणि मृत ह्यांच्यातला संबंध आहे, असे ह्या लाकडी स्तंभांवरून म्हणता येते.

खेळांच्या सृष्टीत ह्याच्या सर्वांत जवळ गेला तो 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. २०११ पासून त्या खेळात ज्याचे दफन झाले नाही असा बुटका भूत होऊन येतो आणि त्याच्या नावाची शिळा कोरून बसवल्याखेरीज शांत होत नाही. प्रेत सापडले नाही तरी शिळा चालते. ही एकच तरतूद खेळातील इतर सगळ्या सुखदुःखांहून निराळ्या जातीची आहे, कारण तिला मुदत नाही, आणि उत्तम जेवणाने ती भागत नाही. 'रिमवर्ल्ड'मध्येही २०२१ च्या 'आयडिऑलॉजी' ह्या पुरवणीने अंत्यविधी आणला. मात्र तेथे विधी चांगला झाला तर उपस्थितांना काही दिवसांचे गुण मिळतात. विधी पुन्हा खतावणीत गेला. शिळेच्या तरतुदीत जे बीज आहे ते अपवाद म्हणून न ठेवता नियम म्हणून वाढवणे, ही ह्या खेळांच्या सुधारणेची पहिली दिशा ठरावी.

दुसरी दिशा भरताने आखून ठेवली आहे. नाट्यशास्त्रात भाव एकोणपन्नास : आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक. शंका, श्रम, विषाद, आवेग हे व्यभिचारी भाव येतात आणि जातात. त्यांच्या येण्याजाण्यातून स्थायी भाव पुष्ट होतो. वसाहत-खेळांकडे ह्या दृष्टीने पाहिले तर त्यांच्याजवळ व्यभिचारी भावांचा भरपूर साठा आहे, पण शोक स्थायी म्हणून कोठेच नाही. टेबलावाचून जेवल्याचा विषाद आणि मूल गेल्याचा विषाद ह्यांत फरक आहे तो गुणांचा आणि दिवसांचा. एक लाट दुसरीपेक्षा उंच. पण खाली समुद्र नाही. पावसात भिजल्याच्या आठवणीने खंगणारा बुटका हे ह्याच उणिवेचे दुसरे टोक आहे : तेथे व्यभिचारी भावालाच स्थायीच्या आसनावर बसवले गेले.

स्थायी भाव नेहमी जागा नसतो. तो विभावांनी जागा होतो. विदर्भातील पद्मपूरचा भवभूती ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच वनवासाची चित्रे पाहतात आणि संपलेले म्हणून समजलेले दुःख चित्रासमोर पुन्हा ओले होते. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनंतर राम पंचवटीत येतो. राज्य नीट चालले आहे, अश्वमेध व्हायचा आहे. खतावणीत पाहिले तर राजाचे बरे चालले आहे. पण तीच झाडे, तीच शिळा, सीतेने वाढवलेला मोर समोर येतो आणि तो मूर्च्छित होतो. काळाने काही कमी केलेले नव्हते. स्थळ समोर नव्हते, एवढेच. खेळात जर मृत्यूची जागा नोंदली गेली, त्या जागेवरून जाताना, तेथे नवी भिंत उठताना किंवा मृताने बनवलेली खुर्ची हाताशी येताना दुःख जागे झाले आणि एरवी निजलेले राहिले, तर माणूस अधिक माणसासारखा होईल आणि खेळही अडणार नाही. एक सुबक खुर्ची एकाला आराम देईल आणि दुसऱ्याला उठून जायला लावील. 'ड्वार्फ फोर्ट्रेस'मध्ये वस्तूवर ती घडवणाऱ्याचे नाव असतेच. त्या नावाचा वाचणाऱ्याच्या मनाशी संबंध जोडणे एवढेच बाकी आहे.

ह्यावर खेळ रचणाऱ्यांचा एक आक्षेप येईल आणि तो हलका मानता येणार नाही. खेळ म्हणजे कादंबरी नव्हे. खेळणाऱ्याला काय बिघडले आणि काय केल्याने सुधारेल हे दिसावे लागते. आकडा काढून घेतला तर त्याच्या हाती काहीच राहत नाही. वसाहत का कोसळली हे न कळता ती कोसळली, तर ती शोकात्मिका न होता निव्वळ अन्याय होतो. हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की भूक, थंडी, थकवा, अंधार ह्यांच्यासाठी आकडा योग्यच आहे, कारण ह्या गोष्टी खरोखरच भरतात आणि रित्या होतात. प्रश्न आहे तो एकाच खात्याचा. शरीराच्या गरजांचे खाते वेगळे आणि देण्याघेण्याचे वेगळे ठेवावे. आणि पहिल्यातील शिल्लक दुसऱ्यात वळती होऊ नये. दुसऱ्या खात्यात आकडा नसावा, नावे असावीत : कुणाचे कुणाला काय देणे राहिले. खेळणाऱ्याला तेही स्पष्ट दिसेल. फक्त ते वाचताना तो मीटर वाचणार नाही; तो कथा वाचील.

'रिमवर्ल्ड'मध्ये ह्या दिशेने जाणारे एक मार्मिक कलम आहे, ते अपेक्षांचे. वसाहत कंगाल असते तेव्हा अपेक्षा अत्यल्प म्हणून माणसांना ३० गुण आपसूक मिळतात. संपत्ती वाढत जाते तसे ते कमी होत जातात. सुखी असणे हे परिस्थितीवर नव्हे तर तुलनेवर अवलंबून असते, ही समज ह्यात आहे. पण तुलना होते ती वसाहतीच्या एकूण संपत्तीशी. आपण काय मागे टाकून आलो आणि ते कुणाच्या सांगण्यावरून, ह्याच्याशी ती होत नाही. गरीब माणसाच्या अपेक्षा कमी म्हणून तो अधिक सोसतो, हा सिद्धान्त खेळात निरुपद्रवी आहे. तोच मेळघाटाच्या बाबतीत, जेथील बालमृत्यूंकडे १९९३ च्या सुमारास साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले, उच्चारून पाहावा म्हणजे त्यातले क्रौर्य ध्यानात येते.

शेवटी प्रश्न उरतो तो निर्णयाचा. ह्या सर्व खेळांत माणसांना दुःख होते, पण त्यांना मत नसते. कोठे वसायचे, काय पेरायचे, कोणती भिंत पाडायची हे वरून ठरते. खाली उरतात ते मनःस्थितीचे चढउतार. ताण असह्य झाला की माणसाला मोडता येते, पण नाही म्हणता येत नाही. नकार आणि मनोभंग ह्यांत हे खेळ भेद करत नाहीत. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे लहानसे गाव आहे. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्याला सामूहिक वनहक्क मिळाले, उजाड टेकडीचे काय करायचे हे गावाने बसून ठरवले, आणि २०१४ मध्ये त्या कामाला राष्ट्रीय पातळीवरील जैवविविधता पुरस्कार मिळाला. तेथे झालेला बदल टेबले आणि खोल्या वाढल्याने झालेला नव्हता. ठरवण्याचा हक्क गावाकडे आला होता. वसाहत-खेळात असा हक्क आणणे अवघड आहे, कारण तो खेळणाऱ्याच्या हातून काहीतरी काढून घेतो. परंतु जो कधीच नाही म्हणू शकत नाही त्याच्या होकाराला कथेत किंमत नसते.

जानेवारी २०१९ मध्ये अकोट तालुक्यात वसवलेल्या काही गावांतील माणसे पुन्हा मेळघाटच्या जंगलात परतली. जमीन आणि सोयी ह्यांबद्दलची आश्वासने पाळली गेली नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. वनखात्याच्या व पोलिसांच्या माणसांशी त्यांचा संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. 'रिमवर्ल्ड'च्या खतावणीत ह्या घटनेसाठी एक रकाना तयार आहे : मनोभंग, हार मानून वसाहत सोडणे. त्या रकान्यात ती टाकली की पुढचा विचार संपतो. उरतो तो खोल्या वाढवण्याचा आणि जेवण सुधारण्याचा. ती माणसे हार मानून निघाली नव्हती, ती मागणी घेऊन परतली होती. जेथे त्यांची जमीन, देव आणि मृत होते तेथे जाऊन त्यांनी आपले येणे मांडले. हा फरक नोंदवता येईल अशी भाषा ज्या दिवशी ह्या खेळांना सापडेल, त्या दिवशी त्यांचा कथानिर्मितीचा दावा समीक्षेला गंभीरपणे घ्यावा लागेल. तोवर त्यांच्या वसाहतींत माणसे पुष्कळ असतील, पात्रे मात्र थोडी.